दक्षिणेकडे पाहणारे बैल

झाशी मागे पडली आणि सोनागिरच्या टेकडीवरची पांढरी जैन मंदिरं दिसू लागली, तसे डब्यातले लोक खिडकीकडे सरकले. मी जागचा हललो नाही. पुण्यापासून बसून बसून कंबरेचा भुगा झाला होता. शिवाय मी ग्वाल्हेरला काही हौसेने निघालो नव्हतो. एका भल्या माणसाला समोर बसून नाही म्हणायचं होतं.

तो माणूस म्हणजे ग्वाल्हेरचे वसंतराव जगदाळे, बँकेतून निवृत्त झालेले माझे वाचक. फ्रेंच भाषेचा निवृत्त शिक्षक असल्यामुळे मी एका फ्रेंच इतिहासकाराची पुस्तकं मराठीत आणतो. हा गृहस्थ तरुणपणी राजे आणि तह यांवर लिहीत होता. एकदा बर्फामुळे एका डोंगरी गावात अडकला, शेतकऱ्यांच्या घरी राहिला आणि राजांना कायमचा सोडून बसला. मग त्याने त्या एका गावावर पुस्तक लिहिलं, दुसरं भाकरीवर, तिसरं गाव सोडून गेलेल्यांवर. तिन्ही मी मराठीत आणली. प्रत्येक पुस्तकानंतर वसंतरावांचा फोन ठरलेला. “आम्ही तलवारीचे लोक, शेतीशी आमचा काय संबंध? पण पुस्तक काही सोडवत नाही,” असं म्हणायचे.

चौथं आणि शेवटचं पुस्तक त्याने म्हातारपणी लिहिलं. त्यात तो स्वतःचीच आधीची पुस्तकं उलटून पाहतो आणि म्हणतो, मी चुकलो. त्याच्या शेवटच्या प्रकरणाशी येऊन मी थांबलो होतो. उमेदीची वर्षं ज्याच्यामागे घालवली तोच असं म्हणायला लागला, तर आपण कोणासाठी डोळे फोडायचे? मी काम सोडायचं ठरवलं होतं. या पुस्तकाची वाट पाहणाऱ्या वसंतरावांना ते फोनवर सांगवेना, म्हणून ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाचं व्याख्यानाचं आमंत्रण घेतलं.

स्टेशनवर उतरलो तर हवा अशी कोंदट की सदरा पाठीला चिकटला. वसंतराव न्यायला आले होते. वाटेत त्यांनी बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाऊ घातली. “आधी खाऊन घ्या, मग आराम करून घ्या,” म्हणाले. किल्ला दाखवतो म्हणत होते. मी रिक्षातूनच त्याला हात जोडले.

संध्याकाळचं व्याख्यान कंपूत होतं. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, त्यावरून वस्तीचं हे नाव पडलं. त्या पलटणी घडवल्या फ्रेंच सेनानींनी. त्यामुळे फ्रेंच इतिहासकार म्हटल्यावर मंडळाने सरळ समजूत करून घेतली की पाहुणे त्या सेनानींवर बोलणार. समोर फेटे बांधून आलेली मंडळी आणि मी सांगतोय शेणखत, राय नावाच्या धान्याची भाकरी आणि कडाक्याची थंडी. थोड्या वेळाने एक गृहस्थ उठले आणि शिंदे सरकारांच्या तोफखान्यावर कधी येणार, असं अदबीने विचारलं. तोफखाना नाही, असं मी सांगितलं. पुढची रांग हळूहळू चहाकडे गेली. मला रागही आला नाही, इतका मी दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. वसंतरावांच्या माधवगंजातल्या घरी उन्हं उतरल्यावर पाटावर मातीच्या बैलांची जोडी मांडली गेली. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होत्या. या घराने कैक पिढ्यांत शेत पाहिलेलं नाही, तरी हे चुकत नाही. बैलांची तोंडं मात्र दक्षिणेला होती. यमाच्या दिशेला तोंड करून कोणी काही मांडत नाही, म्हणून मला नवल वाटलं.

गुडगावहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने ते पाहिलं आणि तो वैतागला. “आई, दक्षिण अच्छी नहीं होती, पूर्वेला कर ना. दर वर्षी सांगतो मी.” वसंतरावांनीही मान डोलावली. कारण कोणालाच माहीत नाही तर बदलायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी एक बैल उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्ही शिकलेले. करून टाकू पूर्वेला?”

माझ्यात निवाडा देण्याचं त्राण नव्हतं. अंगावरचं झटकावं तसं मी विचारलं, “तुम्ही दक्षिणेला का ठेवता?”

हातातल्या बैलाच्या खांद्यावरची हळद बोटाने सारखी करत त्या म्हणाल्या, “सासूबाई सांगत होत्या, आपले लोक नांगर टाकून पलटणीत आले. बैल तिकडेच राहून गेले. तर वर्षातून एकदा त्यांचं तोंड घराकडे करून द्यायचं.”

“गाव कोणतं?” वसंतरावांनी विचारलं.

“नाव त्यांनाही माहीत नव्हतं. फक्त दक्षिण माहीत होती.”

“हे मला कधी बोलली नाहीस?”

“तुम्ही तलवारीचं सांगत असायचे. मी मधे काय बोलू?”

वहिनींनी बैल होता तसाच, दक्षिणेला तोंड करून, खाली ठेवला. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. फ्रेंच म्हाताऱ्याच्या शेवटच्या प्रकरणात नेमकं हेच आहे. त्याची कबुली अशी, की घरोघरी तो बायकांच्या हातून भाकरी घेत होता आणि ती कशी होते हे टेबलाशी बसलेल्या पुरुषांना विचारत होता. मी त्याला हताश समजून पुस्तक मिटलं होतं. तो हताश नव्हता. त्याला फक्त उशिरा सुचलं होतं.

परतीच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर मी वसंतरावांना सगळं सांगितलं, काम सोडायचं ठरवलं होतं तेही. त्यांनी रागावावं असं मला वाटत होतं. ते फक्त म्हणाले, “मग काय ठरवलं?” मी म्हटलं, पुरं करतो. दमत दमत का होईना.

पुण्यात आल्यावर कंबर धरलेलीच होती, पण शेवटचं प्रकरण सुरू केलं. प्रवासाने माणूस ताजातवाना होतो म्हणतात; मी झालो नाही. फक्त थकव्याला कारण मिळालं. आठवडाभरात वसंतरावांचा फोन आला. म्हणाले, “हिला विचारायला बसलो, पण सुरुवात कुठून करायची समजत नाही. तुमचा तो फ्रेंच गुरुजी काय विचारायचा?”

मी उत्तर देण्याआधीच मागून वहिनींचा आवाज आला, “त्यांना कशाला त्रास देता? तुम्ही बसून राहा, मीच सांगते.”