थोरलीची दाढ

थोरलीची दाढ ठणकते आहे हे अख्ख्या घराण्याला माहीत होतं, आणि प्रत्येकाने उपायही सांगितला होता. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, लवंग धर, मन दुसरीकडे गुंतव. उपाय सांगायला कोणाच्या बापाचं काय जातं? "तुझ्या सासूजवळ मी बसतो, तू जाऊन ती दाढ काढून ये," एवढं एक वाक्य मात्र कोणाच्या तोंडून निघत नव्हतं.

सासूबाईंनी उभं आयुष्य लॉन्ड्री चालवली. खाली दुकान, वर घर. हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठेच्या गठ्ठे त्या घड्या घालून मोकळ्या व्हायच्या आणि सासरे ते गाडीने पोचवायचे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. मग सासूबाईंची आठवण विरत गेली, जुनी चादर विरते तशी, मधोमध. पोरपणीचं सगळं शाबूत, कालपरवाचं साफ गेलेलं. लॉन्ड्री थोरलीच्या गळ्यात पडली आणि सासूबाईही. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. अधूनमधून घरी यायचा आणि आला की झोपायचा.

थोरली तोंडाने फटकळ, पण डोकं तल्लख. सासूबाई रिकाम्या बसल्या की उठून रस्त्याला लागतात हे तिने हेरलं. एकदा तर भर रहदारीतून एका टॅक्सीवाल्याने त्यांना घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यासमोर धुतलेल्या चादरींचा ढीग ठेवू लागली. सासूबाई कोपऱ्याला कोपरा जुळवून अशा घड्या घालायच्या की बघत राहावं. ढीग संपला की थोरली तो दाराआड न्यायची, सगळ्या चादरी झटकून विस्कटायची आणि "आई, हॉटेलचा माल आला" म्हणत परत आणून टाकायची.

"किती चादरी लागतात मेल्यांना!" सासूबाई खूष होऊन कामाला लागायच्या. मध्येच "हे कुठे गेले?" असं विचारायच्या. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. माल पोचवायला.

रविवारी हवापालट म्हणून येणाऱ्या नातेवाइकांना हे रुचलं नाही. धाकट्या दिराने आईला कधी हाताने पेलाभर पाणी दिलं नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, या वयात आईला कामाला जुंपता? लोक काय म्हणतील?"

"मग घेऊन जा ना, भावोजी. तुमच्याकडे गादीवर बसवा."

भावोजींना नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं असंच असतं, शेळी अंगावर आली की उंट लगेच पळायला लागतो.

पण कडी केली ती नणंदेने. नणंद एका शाळेची मुख्याध्यापिका. आयुष्यात आपण कधी खोटं बोललो नाही, हे ती नव्या माणसाला ओळखीतच सांगून टाकायची. असली माणसं कांदे स्वतःच्या नाकाने सोलतात आणि पाणी दुसऱ्याच्या डोळ्यांतून काढतात. थोरलीचा गाल सुजून डोळ्यापर्यंत पोचला तेव्हा तिला उपकार करण्याची लहर आली.

"मी बसते एक दुपार. आई काय तुझी एकटीची आहे?"

"तेच म्हणते मी," थोरली म्हणाली, आणि तिने दोनदोनदा बजावलं. चादरी संपल्या की बाहेर नेऊन विस्कट. बाबांचं विचारलं तर माल पोचवायला गेलेत म्हण. बाकी शहाणपण नको.

दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, गाल बधिर होऊ लागला, आणि थोरलीचा फोन वाजला. नणंद रडत होती. तिच्या मागून सासूबाईंचा आक्रोश ऐकू येत होता. तसा आक्रोश थोरलीने यापूर्वी एकदाच ऐकला होता, सासरे गेले त्या दिवशी. ती खुर्चीतून उठली आणि धावत घरी आली.

सासूबाई जमिनीवर बसून ऊर बडवत होत्या. नणंद पर्स खांद्याला अडकवून दाराशी उभी होती.

"तिने विचारलं, हे कुठे गेले. मी सांगितलं, बाबा केव्हाच वारले. वहिनी, आईशी मी खोटं नाही बोलू शकत. खरं कळायचा तिला हक्क आहे."

"कळलं ना? आणि आता तू निघालीस." थोरलीची जीभ जड झाली होती, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, पण शब्द बरोबर लागत होते. "आपण का रडतोय हे त्या थोड्या वेळात विसरतील. रडणं नाही विसरायच्या. दर वेळी तू खरं सांगणार आणि दर वेळी त्या नव्याने विधवा होणार. निस्तरायला मी आहेच."

"मी पुन्हा येईन ना कधीतरी. तू नुसता फोन कर."

"कधीतरी नाही. गाल बधिर आहे तोवर. पर्स ठेव खाली."

शाळाभर पोरांना बाकावर उभं करणाऱ्या बाईने मुकाट्याने पर्स ठेवली आणि जमिनीवर बसकण मारली. थोरलीने चादरी विस्कटून सासूबाईंच्या मांडीवर टाकल्या. "आई, हॉटेलचा माल आला."

सासूबाईंचे हात कोपरे शोधू लागले. डोळे मात्र गळतच होते.

"कोणीतरी म्हणालं, हे गेले," त्या म्हणाल्या. "खरंच गेले का गं?"

थोरली दारात जाऊन पायात चप्पल सरकवू लागली आणि नणंदेकडे बघत राहिली.

नणंद आईजवळ सरकली. "नाही, आई. बाबा माल पोचवायला गेलेत. येतील इतक्यात."

सासूबाईंनी तिचा चेहरा निरखून पाहिला आणि हातातल्या चादरीने डोळे पुसले.

"मग असतील येत," त्या म्हणाल्या. "माझी लेक कधी खोटं बोलत नाही." आणि चादरीचं दुसरं टोक तिच्यापुढे केलं. "धर."

नणंदेने टोक धरलं. तिला मान वर करता येईना. थोरलीला घटकाभर तिची कीव आली, पण दाढेपेक्षा जास्त नाही. ती जिना उतरून निघून गेली.