तिच्या फोनवरून

माझी ग्रंथपालाची नोकरी गेली तेव्हा माझ्या फोनमध्ये जेमतेम चाळीस नंबर होते. बायकोच्या फोनमध्ये सातशेच्या वर. ती वाशीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची. रिपोर्टसाठी ताटकळलेल्या माणसांशी बोलून बोलून तिनं निम्मी नवी मुंबई ओळखीची करून ठेवली होती. नंबर साठवायची तिची रीतही तिचीच: ‘थायरॉईड, ऐरोली, बँकेत’, ‘शुगर, नेरूळ, मुलगा वकील’.

“नुसता बायोडेटा पाठवून कोण विचारतं?” ती म्हणायची. “आधी समोरच्याची तब्येत विचारायची. मग आपलं सांगायचं.”

पोटात आपलं काम ठेवून दुसऱ्याची विचारपूस करणं मला लबाडीचं वाटे. एकदा तसं बोललोही. ती चिडली नाही. “मग तू बस पुस्तकात तोंड घालून. मी करते फोन.” आणि ती खरंच करत राहिली.

ती गेली ती दोन दिवसांत. मेंदूत रक्तस्राव झाला. दिघ्यातल्या आमच्या घराजवळ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पुष्कळ माणसं आली. प्रत्येकानं माझा हात धरून सांगितलं, काही लागलं तर सांगा. मला काम हवं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याभरानं मुलीनं विचारलं, “पप्पा, तुम्ही कामावर कधी जाणार?” तेव्हा मी तिच्या आईचा फोन चार्जिंगला लावला. माझा नंबर अनोळखी, लोक उचलणार नाहीत, एवढाच हिशेब केला होता. पलीकडे कुणाचं नाव दिसेल हे मनात आलंच नाही.

पहिला फोन ‘हिमोग्लोबिन, वाशी, शाळेत’ यांना लावला.

“अगं बाई, आहेस का जिवंत!” पलीकडून बाईंचा आवाज आला. “दीड महिना गावाला होते, सासूबाईंच्या आजारपणात. तिथं मेली रेंजच नाही. पण तू एक मेसेज करशील तर शपथ!”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. कुणीतरी तिच्याशी बोलत होतं, आणि ते थांबू नये असं मला वाटलं.

“ऐक, आमच्या शाळेत लायब्ररीची जागा निघालीये. शनिवारी इंटरव्ह्यू. तुझ्या त्या पुस्तकातल्या किड्याला सांग, स्वतः ये म्हणावं. किती दिवस तू त्याची वकिली करणार? ‘तो मागणार नाही, पण त्याच्यासारखं काम कुणी करणार नाही.’ कान किटले माझे! हॅलो? अगं, बोल की!”

“मी तिचा नवरा बोलतोय.”

“अय्या, भाऊजी! सॉरी हं. जरा तिला द्या ना.”

मी सांगितलं. कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही. पलीकडून तोंड दाबून रडल्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरून बसलो.

“शनिवारी अकराला या,” शेवटी त्या म्हणाल्या. “सर्टिफिकेटं आणा. आणि भाऊजी, या नंबरवरून परत कुणाला फोन करू नका.”

शनिवारी गेलो. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. नंतर सगळे फोन माझ्याच नंबरवरून केले. ती गेल्याचं पहिल्याच वाक्यात सांगायचो, मग काम मागायचो. मागता यायला लागलं. तिच्याच ओळखीतून जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं लावायचं काम मिळालं. रोज जातो.

त्या बाई मात्र आठवतात. माझा फोन येईपर्यंत त्यांच्यापुरती ती जिवंत होती, लॅबच्या काउंटरवर बसलेली, मेसेज न करणारी. मी एका जागेची चौकशी करायला गेलो आणि तिला तिथूनही उठवलं.