आन, कार, बग

जगात जे जे आयतं मिळतं, ते ते आमच्या साडूभाऊंना स्वतःचा अपमान वाटतं. दुकानातलं दंतमंजन भेसळीचं, म्हणून ते घरी कुटतात. त्यांच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी हिरड्या धरून बसलेला दिसतो. बाजारातली छत्री वाऱ्याला उलटते, म्हणून त्यांनी एक स्वतः शिवली. ती उलटत नाही हे खरं, पण उघडतही नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान उरणला राहायचे आणि न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर सांभाळायचे. दूरदेशीचा एवढा आयता माल रोज डोळ्यांसमोरून जाताना या माणसाच्या जिवाची काय घालमेल होत असेल, याची मला फार काळजी वाटे.

ती घालमेल शेवटी कॉम्प्युटरवर निघाली. यार्डातली आणि घरची त्यांची सगळी यंत्रं लिनक्सवर चालत. लिनक्सवर नवा प्रोग्रॅम आणणं, तो बसवणं, त्याला लागणारे बाकीचे प्रोग्रॅम गोळा करणं आणि नकोसा झाला की काढून टाकणं, या सगळ्यासाठी एक पॅकेज मॅनेजर असतो. तो फुकट मिळतो, जगभरच्या हुशार माणसांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून केलेला असतो आणि उत्तम चालतो. एवढे तीन दोष एकाच जागी सापडल्यावर साडूभाऊ गप्प बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतःचा करायला घेतला. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर टाइप करायचे हुकूम. हुकूमही इंग्रजी चालणार नव्हते. घरात आगरी बोलतात, तर यंत्राला आगरी कळायला काय झालं? प्रोग्रॅम हवा तर ‘आन’, काढायचा तर ‘कार’, काय काय आहे ते पाहायचं तर ‘बग’.

“आन म्हंटला का आनील, कार म्हंटला का कारील. मानसाला आजून काय पायजे, मास्तर?” ते मला म्हणाले. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे मला सगळं समजतं असा त्यांचा एक प्रेमळ गैरसमज आहे.

पुढे काही महिने त्यांनी नातेवाइकांना दुसरा विषय काढू दिला नाही. एका हळदीला त्यांची ‘कार’ तयार झाल्याचं कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि दोन मावश्या ती बघायला मांडवाबाहेर जाऊन आल्या. जेवताना ते शेजाऱ्याला समजावत, “येक प्रोग्रॅम बोलावला का त्याच्यामागं त्याचा गोतावला येतो. त्या गोतावल्यान भांडनं झाली का सगला बंद!” शेजारी मान डोलवत सोलकढी संपवायचा आणि पुढच्या पंगतीत लांबची जागा धरायचा.

एका बाबतीत मात्र ते कुणाचंही ऐकत नसत. इतर पॅकेज मॅनेजर काही काढण्याआधी ‘नक्की ना?’ असं विचारतात. साडूभाऊंच्या ते जिव्हारी लागे. “मी सांगितलाय म्हंजे सांगितलाय. तो कोन इचारनारा?”

“घरान पन आसाच करतान,” आतून ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायच्या.

एवढं झाल्यावर या यंत्राला गिऱ्हाईक हवं होतं. यार्डातल्या साहेबांनी हात जोडल्यामुळे तो मान आमच्या घराला मिळाला. आमचा कॉम्प्युटर खरं म्हणजे बायकोचा. त्यात माझ्या सासूबाईंची गाणी होती. सासूबाई धवलारीण होत्या. गावोगावच्या लग्नांत त्या धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायच्या. शेवटच्या दोन-तीन वर्षांत बायकोने त्यांना समोर बसवून एकेक धवला ध्वनिमुद्रित केला होता. त्या गेल्यावर तेवढाच त्यांचा आवाज उरला होता.

साडूभाऊंनी चहा घेत ‘आन’ लिहून बुद्धिबळाचा खेळ आणला. तो खरोखरच आला! मी टाळी वाजवली. मग त्यांनी ऐटीत ‘कार’ लिहिलं आणि खेळाचं सगळं सामानही काढायला सांगितलं. पडद्यावर ओळी धावल्या, धावतच राहिल्या. साडूभाऊंचा कप हवेतच राहिला. खेळाचं सामान कुठे ठेवलंय ती जागा प्रोग्रॅममध्ये भरायचीच राहिली होती, आणि रिकाम्या जागेचा अर्थ त्यांच्या बाणेदार यंत्राने ‘सगळीकडे’ असा घेतला होता. कुणालाही काहीही न विचारता.

“भावोजी,” बायको हळूच म्हणाली, “आईची गानी कुठं हायेत?”

त्यांनी खाडकन वायर उपटली. “कोनी हात लावू नका,” एवढंच म्हणाले आणि कॉम्प्युटर उराशी धरून चालते झाले.

त्यानंतर ते कुणाला दिसेनात. ताई फोनवर सांगायच्या, “जेवाय उठत न्हायेत. कोनाशी बोलत न्हायेत.” पुसलेलं परत शोधायला त्यांनी कुठल्याशा परक्या माणसाने केलेला, फुकट मिळणारा, अगदी आयता प्रोग्रॅम वापरला. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली शरणागती असावी.

मग एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. गाणी जवळजवळ सगळी सापडली होती. फक्त हळदीचा एक धवला निम्म्यावर तुटत होता. त्यांनी तो लावला. सासूबाईंचा आवाज खोलीभर पसरला आणि एका ओळीच्या मधोमध थांबला. बायको खाली बघत बसली.

तेवढ्यात साडूभाऊंनी घसा खाकरला आणि पुढची ओळ म्हटली. स्वतःच्या हळदीला ऐकलेली ओळ. त्यांचा आवाज किती भसाडा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

“आसा न्हाय, भावोजी,” बायको डोळे पुसत म्हणाली आणि तिने पुढची चाल धरली. ताई पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि त्यांनीही सूर लावला. आईचा धवला दोघी बहिणींनी शेवटपर्यंत नेला. साडूभाऊंनी हे सगळं केव्हा मुद्रित करायला लावलं होतं, ते आम्हाला कळलंही नाही.

पुढे यार्डाने त्यांची बदली दूरच्या एका बंदरावर केली. यंत्राचं काम मागे पडलं. आता त्याबद्दल ते स्वतःहून काही बोलत नाहीत, आणि मांडवात त्यांच्या शेजारची जागा लगेच भरते. बायको अधूनमधून तो धवला लावते. आधी सासूबाई, शेवटी दोघी बहिणी, आणि मध्ये एकच भसाडी, बेसूर ओळ. परवा साडूभाऊंचा फोन आला तेव्हा धवला चालू होता. पलीकडून त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, “तेवडा माजा आवाज कार गो त्याच्यातला.”

“न्हाय,” बायको म्हणाली आणि आवाज आणखी मोठा केला.