पॅनल रूमचं कुलूप

साजगावच्या एका कारखान्यात मी कँटीन चालवते. सकाळी चहा-वडे, दुपारी जेवण. सगळे मला मावशी म्हणतात, आणि मावशीला विजेतलं काय कळतंय, असंही सगळे धरून चालतात. चालू देत बापडे.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं तेव्हा यादीत सगळे बाप्येच होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. शिकवायला आलेला माणूस एक रबरी बाहुला जमिनीवर निजवून त्याची छाती दाबत होता आणि आमचे शूरवीर फोनमध्ये डोकं घालून बसलेले. शॉक लागलेल्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा, हे त्यानं तीनदा सांगितलं. चहा गार झाला म्हणून मी शिव्या खाल्ल्या, पण शेवटपर्यंत हलले नाही.

पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेवणाच्या सुट्टीत ते झालं. पॅकिंगमध्ये वरच्या ठाकूरवाडीतली एक पोरगी होती, दोन लेकरांची आई. रोज सकाळी कपात डोकावून म्हणायची, "ताय, आज पान्यात च्या टाकलास का नाय?" फरशी नुकती धुतलेली होती. तिनं उभा पंखा आपल्याकडे वळवायला त्याची लोखंडी मान धरली आणि हात सुटेचना. तिला ओरडताही येईना. एक जण ओढायला धावला, तो झटका बसून मागे फेकला गेला.

"हात लावू नका रं कोणी!" मी बोंबलले.

पंख्याला ना प्लग ना बटण. त्याची वायर भिंतीच्या भोकातून सरळ पॅनल रूममध्ये गेलेली, मेनही तिथंच, आणि पॅनल रूमला कुलूप. का, तर तांब्याची चोरी होते. किल्ली सुपरवायझरच्या खिशात आणि सुपरवायझर जेवायला खोपोलीत. वा रे व्यवस्था! एक जण त्याला फोन लावत बसला. मी कँटीनमध्ये पळाले, चटणीचा वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कोयंडाच उखडला. आत जाऊन मेन खाली ओढला तशी सगळी शेड गप्प झाली.

ती खाली कोसळली होती. श्वास नव्हता. कोणी नाकाला चप्पल लावत होतं, दोघं बाहेर माती खणायला लागले होते, तिला मातीत पुरायला. आमच्याकडे शॉक लागला की हेच करतात. "माती राहू द्या, गाडी बोलवा!" म्हणत मी गुडघ्यावर बसले आणि तिची छाती दाबायला लागले. तो शिकवणारा त्या बाहुल्याची दाबत होता तशीच, दोन्ही हातांनी, जोर लावून.

"मावशी, फासळ्या मोडतील तिच्या!"

"मोडू देत! फासळ्या जुळतात."

माझे हात भरून आले, घामानं डोळे चुरचुरायला लागले. किती वेळ गेला, देव जाणे. मी तिला शिव्या घालत होते, पोरं घरी वाट बघताहेत गं भवाने, म्हणत होते. मग तिच्या घशातून घर्र असा आवाज आला आणि छाती आपोआप वर उठली. मी तिथंच बसून ढसाढसा रडले. गाडी आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली.

चार दिवसांनी मला मेमो. कुलूप तोडून कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केलं, खुलासा द्या. सुपरवायझर हळूच म्हणाला, "नुसतं सॉरी लिहा मावशी, मिटून जाईल." डोक्यात तिडीक गेली माझ्या. मी दहावी पास आहे, लिहिता येतं मला. लिहिलं, "होय, तोडलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन." खाली सही ठोकली.

पंखा भंगारात गेला, पण दाराला नवा कोयंडा आला. त्यात नवं कुलूप, आधीच्यापेक्षा मोठं. मी वरवंटा धुतला आणि त्या दाराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला.

"हे काय?" सुपरवायझर म्हणाला.

"तुमची किल्ली तुमच्या खिशात. माझी इथं."

त्यानं तो उचलून कँटीनमध्ये आणला. मी परत नेऊन ठेवला. असं आठवडाभर चाललं.

मग ती कामावर परतली. तळहातावर भाजल्याचा गुलाबी डाग होता. तिनं कुलूप पाहिलं, वरवंटा पाहिला, आणि मशीनवर न जाता दारासमोर फरशीवर बसकण मारली. "ह्या कुलूप निघाल्याबिगार मी हातात काम घेनार नाय." तिच्या मागोमाग पॅकिंगच्या सगळ्या बाया येऊन बसल्या. मी सगळ्यांना तिथंच चहा दिला.

जेवणाच्या सुट्टीआधी कुलूप निघालं. सुपरवायझर म्हणाला, "आता तरी न्या तो दगड."

ती माझ्याकडे बघून हसली. वरवंटा अजून तिथंच आहे. चटणी मी मिक्सरमध्ये वाटते.