चार सिटांनी गिळलेला माणूस

गादीकाकांनी शिवलेली खुर्ची माणसाला लवकर उठू देत नाही, असं लोक म्हणत. न्हाव्याची खुर्ची, बसमधली बाकं, दातांच्या डॉक्टरचं ते भीतीदायक आसन, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. कापड काकू कापायच्या, टाके काका घालायचे. भरणा सढळ हवा, हा त्यांचा बाणा. "बसणाऱ्याला हाड लागलं तर लाज शिवणाऱ्याची," म्हणत ते आणखी एक थर कोंबत.

त्यामुळे फ्लाइंग क्लबने आपल्या छोट्या विमानाच्या चार सिटा शिवायला दिल्या, तेव्हा काकांनी त्यांत जीव ओतला. जीव, दुहेरी फोम, जाड प्लायवूड आणि अस्सल चामडं. मोबदल्यात मागितली फक्त एक फेरी, दोघांसाठी. काकूंचा सारा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात वरून जाणाऱ्या विमानांचे आवाज ऐकण्यात गेला होता.

ठरलेल्या सकाळी दोघं नटूनथटून आली. पण मेकॅनिक डोकं खाजवत उभा होता.

"काका, सिटा बसवून विमान जोखलं. तुमच्या सिटांनी एक अख्खा माणूस गिळलाय! आता फार तर एकालाच नेता येईल."

काकूंनी नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं. "माणूस कोणाच्या मापाचा? यांच्या की माझ्या?"

शेजारी उभ्या वैमानिक बाई हसल्या, पण त्यांनीही नकारार्थी मान हलवली. "काका, इंजिनाचा रेटा ठरलेला आहे. वजन वाढलं की वेग यायला वेळ लागतो. आपली धावपट्टी तोकडी, आणि ती संपते तिथे झाडं."

"मग मोठं इंजिन बसवा की!"

"मोठं इंजिन म्हणजे तेही जड. त्याला जास्त इंधन, ते आणखी जड. रॉकेटवाल्यांचीही हीच रड आहे. त्यांचं बरंचसं इंधन उरलेलं इंधन उचलण्यातच जळतं."

"आणि टाकी जरा कमी भरली तर?"

"राखीव इंधनाला हात लावायचा नाही. तिथे माझं ऐकायचं."

काकू पर्स सावरत म्हणाल्या, "तुम्ही जा हो. मी खालून हात हलवते."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. आयुष्यभर त्या अशाच खालून हात हलवत आल्या होत्या. आणि आज त्यांची जागा अडवून बसलं होतं काय, तर त्यांच्याच हातांनी कापलेलं चामडं.

काका विमानात शिरले. सिटेवरून एकदा हात फिरवला. असं काम पुन्हा होणार नव्हतं. मग त्यांनी खिशातून ब्लेड काढलं.

"अहो! इतकं सुरेख झालंय ते!"

"तू कात्री आणलीयेस का?"

"माझ्या पर्समध्ये कात्री नाही असं कधी झालंय?"

दोघं विमानाच्या शेडमध्ये फरशीवर फतकल मारून बसली. चामडं निघालं, फोमचे लगदे निघाले, प्लायवूड निघालं. मेकॅनिकने मूळचं पातळ कापड आणि बेताचा फोम आणून दिला. काकू कापत होत्या, काका टाके घालत होते, आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त भरणा कोंबायला गेले की काकू त्यांच्या हातावर चापट मारत होत्या. शेजारी ढीग वाढत गेला. त्याच्याकडे पाहून काका एकदम खो खो हसत सुटले. "बघ गं, हा माणूस किती लठ्ठ होता!"

मेकॅनिकने प्रत्येक टाका ओढून पाहिला, विमान पुन्हा जोखलं आणि अंगठा वर केला.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती तिघं निघाली. पंखा घरघरला, धावपट्टी मागे पळू लागली. पुढची झाडं मोठी होत गेली. काकूंनी दोन्ही पाय हळूच जमिनीवरून उचलून धरले. ते पाहून काकांनीही उचलले.

"काकू, पाय उचलून वजन कमी होत नाही हं!" वैमानिक बाई ओरडल्या.

"राहू दे गं, माझ्याकडून तेवढीच मदत!"

आणि खालचा खडखड आवाज थांबला. झाडांचे शेंडे पायाखालून सरकले. काकांना सिटेखालची पट्टी चांगलीच टोचत होती. त्यांनी काकूंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं, डोळे वाहत होते, आणि पाय अजून वरच होते.