ॲडा आँटीची पुढची खोली

न्यूकॅसलच्या रग्बी लीगमध्ये आमच्या कुराबिन क्लबनं एकदाच अजिंक्यपद मिळवलं. त्याचं श्रेय सगळे लेस डूलनला देतात. देऊ देत बापडे. लेस होताच तसा दांडगा. चेंडू काखेत मारून निघाला की समोरचे दोघे-तिघे त्याच्या पाठीवर लोंबकळत यायचे. मीही त्या संघात होतो, डाव्या कडेला, जिथं चेंडू क्वचित येतो आणि समुद्राचा वारा मात्र नेमानं येतो. तरी मला विचाराल तर ते वर्ष ॲडा ट्रेंबाथचं.

ॲडा आँटी आमच्या समोर राहायची. तिचा नवरा विल्फ खाणीत होता, क्लबच्या पहिल्या संघातला गडी. कोळशाच्या धुळीनं छाती भरून गेला बिचारा. मग आँटीनं भाडेकरू ठेवून घर चालवलं. बुटकी, दंडानं भक्कम, आणि आवाज असा, की तिनं स्वतःच्या कुत्र्याला ‘बस’ म्हटलं की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रंही बसायचं. मॅचला कुंपणाला रेलून उभी राहायची आणि रेफरीला थेट नावानं हाक मारायची, “नॉर्मन! मर्टलला सांगते हं, तुला घराबाहेर सोडताना चष्मा देत जा म्हणून!” मर्टल त्याची बायको. तो बिचारा शिट्टी तोंडात धरून लाल व्हायचा.

खोटं मात्र तिला खपायचं नाही. शनिवारी पबमध्ये क्लबसाठी मांसाची सोडत व्हायची, तिची तिकिटं आँटी विकायची. बक्षिसाला डुकराची मांडी ठेवलेली असली तर गिऱ्हाइकाला आधीच सांगायची, “या खेपेला मांडी बारीक आहे हो. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका.” आमचा अध्यक्ष वॉली प्रिंगल डोकं धरून बसायचा. मजा अशी, की तिकिटं तिचीच सगळ्यात जास्त खपायची.

त्या काळी लीगचा नियम कडक होता. ज्या क्लबच्या हद्दीत तुमचं अंथरूण, त्याच क्लबकडून तुम्ही खेळायचं. आता गंमत बघा, आमची आणि पोर्ट हिलची हद्द बरोब्बर आँटीच्या स्वयंपाकघरातून जायची. पुढची एकुलती एक निजायची खोली कुराबिनात, मागची पडवी पोर्ट हिलमध्ये. संडास परसात, म्हणजे तोही त्यांचाच. लेस तिच्याकडे राहायला आला तेव्हा पोर्ट हिलवाले ओरडायचे, “काय डूलन, जेवतोस त्यांच्याकडे आणि सकाळी येतोस आमच्याकडे?” तो म्हणायचा, “तुमच्यासाठी जे राखून ठेवलंय तेच देतो की!”

भाडेकरूची खाट पडवीतच असायची. वॉली आँटीला म्हणाला, “लीगवाल्यांना एवढंच सांग, लेस पुढं झोपतो.”

“पण तो मागं झोपतो.”

“आँटी, एक शब्द इकडचा तिकडं!”

“शब्द नको, खाट करू इकडची तिकडं.”

आणि खरंच, विल्फबरोबर संसार केला ती पुढची खोली तिनं लेसला दिली आणि स्वतः पडवीत गेली. अख्खा हिवाळा! पडवीला भिंती नव्हत्या, नुसते ताडपत्रीचे पडदे. दक्षिणेचा गार वारा सुटला की ते फडाफडा वाजायचे. कशी आहेस विचारलं तर म्हणायची, “हवा झकास. आणि लेसच्या घोरण्यापासून भिंतीपलीकडं आहे, आणखी काय पाहिजे?”

आम्ही जिंकत सुटलो. पूर्वी जिथं आम्हाला हरवून पोरंसोरं शिट्ट्या वाजवत जायची, त्या मैदानांवर जिंकलो. उपांत्य सामना धो धो पावसात झाला. आँटी शेवटपर्यंत कुंपणाशी उभी होती. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, वाऱ्यात ठेवू नका. लेसनं तिला गादीसकट उचलून पुढच्या खोलीत आणलं. माझ्या आईनं त्याला आमच्याकडे झोपायला बोलावलं, तर म्हणाला, “तिला पाणी कोण देईल?” विधवा बाईच्या खोलीत निजणं त्याला बरं वाटेना, म्हणून तो पडवीत आडवा झाला. हद्दीची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

पोर्ट हिलच्या कोळसेवाल्याला मात्र झाली. मागच्या गल्लीतून जाताना पडद्याखालून बाहेर आलेले दोन पाय त्यानं बघितले. तसले पाय अख्ख्या न्यूकॅसलमध्ये एकाच माणसाचे होते.

पोर्ट हिलशीच अंतिम सामना होता, तो दोन दिवसांवर आला असताना लीगचे तिघे आँटीच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. सोबत पोर्ट हिलचा सेक्रेटरी बर्ट स्कलियन, तक्रार घेऊन. मी कोळशाची बादली द्यायच्या निमित्तानं दारात. आँटी शाल गुंडाळून चुलीजवळ. वॉली तिच्या कानाशी लागला, “स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा म्हण. अर्धं स्वयंपाकघर आपलंच आहे.”

“वॉली, मला ताप आलाय, बहिरेपण नाही. आणि या सगळ्यांनाही नाही.”

लीगच्या प्रमुखानं विचारलं, “मिसेस ट्रेंबाथ, डूलन कुठं झोपतो?”

लेस खाली मान घालून उभा. वॉलीनं डोळे मिटून घेतले. आँटी खोकली, घोटभर पाणी प्यायली.

“हिवाळाभर पुढं. मी आजारी पडल्यापासून मागं, पडवीत. रोज.”

“मग नियमानं...” प्रमुख चाचरत म्हणाला, “तो शनिवारी खेळू शकत नाही.”

“नियम तोच आहे, माहीत आहे मला,” आँटी म्हणाली. पण तिचा आवाज कापला. तो कापलेला मी पहिल्यांदाच ऐकला. विल्फ ज्या दिवसाची वाट बघत गेला, तो तिच्याच तोंडच्या शब्दांनी हातचा जात होता.

स्कलियन टोपी हातात फिरवत बसला होता. “मी खोटं पकडायला आलो होतो,” तो म्हणाला. “खोटं निघालं असतं तर सोडलं नसतं, आँटी.”

“बरोबर आहे तुझं.”

“आजारी बाईला पाणी द्यायला राहिला म्हणून एका गड्याला बाहेर बसवलं, हे घरी जाऊन माझ्या आईला कोण सांगणार? ती लाटणं घेऊन उठेल. तक्रार मागं घेतो, साहेब.”

तक्रारच उरली नाही, तर साहेब तरी काय करणार! चहा पिऊन गेले.

शनिवारी वॉलीच्या ट्रकमध्ये खुर्ची ठेवून आँटीला मैदानावर नेलं. चेंडू माझ्याकडे एकदाच आला, तो मी लेसला दिला. आयुष्यात माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात शहाणं काम. तिघांना पाठीवर घेऊन लेस रेषेपलीकडे जाऊन पडला. तेरा-बारा! म्हातारे खाणकामगार चिखलात नाचत होते.

रविवारी आँटीच्या परसात मेजवानी. मटण भाजून तयार, ढाल टेबलावर. आँटीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. “बर्ट कुठाय?”

“स्कलियन?” वॉली उडालाच. “त्याला त्याच्याच पबमध्ये कुणी बिअर ओतेना, आणि आपण जेवायला घालायचं?”

“म्हणूनच घालायचं. तो येईपर्यंत कुणी सुरीला हात लावायचा नाही.”

मला सायकलवर पिटाळलं. स्कलियन चांगला कोट घालून आला, फाटकाशीच अडखळला. आँटीनं पहिला तुकडा कापून त्याच्या ताटात वाढला, वर बटाटे, वर रस्सा.

“पुढच्या वर्षी आम्ही तुम्हाला लोळवणार आहोत, आँटी,” तो ताटाकडे बघत पुटपुटला.

“लोळवा. पण आधी बस आणि खा, सगळे उपाशी थांबलेत तुझ्यासाठी.”

लेस बाकावर सरकला आणि शेजारी जागा केली.