खात्रीबाईंची लाल यादी

ऑफिसात त्यांना सगळे खात्रीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. दवाखान्यातल्या सलाईनच्या पंपांसाठी आम्ही कोड लिहितो. कोडमधल्या प्रत्येक बदलावर तो करणाऱ्याची डिजिटल सही लागते, आणि ती सही खरी की खोटी हे बाई तपासत. स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायच्या आणि चौथ्यांदा नवऱ्याला ओढायला लावायच्या.

सही ज्या फाइलने होते तिला आम्ही किल्ली म्हणतो. एखाद्याच्या किल्लीची मुदत संपली तर बाई शांतपणे सांगत, "मुदतीतल्या सह्या चालतील. नवीन किल्ली काढ." पण किल्ली हरवली तर खैर नसे. गेल्या वर्षी माझा लॅपटॉप दोन तास टॅक्सीत राहिला. तो परत मिळाला, तरी बाईंनी माझी किल्ली रद्द करायला लावली आणि माझे दोनशे बदल दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घेतले. चारचौघांत माझी शोभा झाली. हे मी विसरलो नव्हतो, खोटं कशाला बोलू?

आणि एका सोमवारी बाईंचाच पेनड्राइव्ह हरवला. त्यातच त्यांची किल्ली होती. सकाळपासून त्यांनी पर्स सहा वेळा उपडी केली, टेबलाखाली शिरून पाहिलं, घरी फोनवर फोन केले. नवऱ्याने गाद्या उलट्यापालट्या केल्या. शेवटी दुपारी बाई किल्ली रद्द करायला बसल्या, तर संगणकाने कारण विचारलं. 'आता वापरत नाही' निवडलं की जुन्या सह्या हिरव्याच राहणार. 'दुसऱ्याच्या हाती गेली असावी' निवडलं की त्यांची नऊ वर्षांची प्रत्येक सही लाल, म्हणजे संशयित.

"ताई, पासवर्ड आहे ना तिला? पहिलं निवडा," मी म्हणालो. "कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"तुझ्या किल्लीला नव्हता का पासवर्ड?"

त्यांनी दुसरं कारण निवडलं आणि यादी वरपासून खालपर्यंत लाल झाली.

तासाभराने नवऱ्याचा फोन आला. पेनड्राइव्ह चष्म्याच्या घरात सापडला होता! साहेब उखडले, "मग रद्द केलेलं परत घ्या की."

"ते परत घेता येत नाही," बाई म्हणाल्या.

पुन्हा तपासायला साहेबांनी मलाच बसवलं. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोन दिवस बाई माझ्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होत्या.

"कितवा चाललाय?"

"ताई, बसा हो जरा. मला गरगरायला लागलंय."

बुधवारी एकशे चौदाव्या बदलापाशी मी थांबलो. तो सहा वर्षांपूर्वीचा होता. बॅटरी संपायच्या तीस मिनिटं आधी पंप वाजायला हवा. इथे तीन मिनिटं लिहिलं होतं. मी तीनदा वाचलं.

"हे तेव्हा कुणी वाचलं होतं?" मी विचारलं.

बाई वाकून बघत राहिल्या. "कुणीच नाही. खाली माझी सही होती ना."

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि दवाखान्यांचे नंबर काढून पहिला फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. बाईंनी आपलं नाव सांगितलं, चूक आपलीच आहे असं सांगितलं आणि विचारलं, "आत्ता या क्षणी तुमच्याकडे किती पंप चालू आहेत?"